कॅम्पसवरचा कचरा : सीमाभागातले तुमचे अनुभव लिहा

बेळगावजवळच्या एका कॅम्पसवर मी शिकवतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थेला मोठा कचरा उत्पादक ठरवलं आणि ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं. दोन-तीन वसतिगृहं नि एक मेस असली की १०० किलो सहज भरतात. आमच्याकडे डबे आले, फलक लागले, पण गाडीत शेवटी सगळं एकत्रच पडायचं. बेळगाव शहराचा कचरा तुरमुरीला जातो. आपला शिळा भात तिथल्या लोकांच्या दाराशी का न्यायचा, हा प्रश्न मला सोडत नाही. तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं, तपशिलात लिहा.

खानापूर, एम.एस्सी.ची विद्यार्थिनी
आमच्या वसतिगृहात डब्यांवर फक्त कन्नड होतं. हिरव्यावर 'हसि कस', निळ्यावर 'ओण कस'. हसि म्हणजे ओला, ओण म्हणजे सुका. पण मराठी शाळेतून आलेल्या आमच्या कानाला 'ओण' म्हणजे 'ओलं'च वाटायचं! अख्खं पहिलं सत्र चहाचा चोथा नि केळ्याच्या साली निळ्या डब्यात गेल्या. बैलहोंगलच्या मैत्रिणीनं एकदा हात धरला, "अगं, उलटं टाकतेस की!" मग आम्ही दोघींनी बसून कागदावर साल नि बाटली रंगवली, खाली दोन्ही भाषांत लिहिलं आणि डब्यांवर चिकटवलं. त्यानंतर निळ्या डब्यात चोथा दिसला नाही.

चिक्कोडी, मेसचा जुना सुपरवायझर
पोरं अन्न टाकतात म्हणून सगळे पोरांनाच बोलतात. मी महिनाभर खरकट्याच्या बादलीजवळ उभा राहिलो. टाकलेल्यात निम्म्याहून जास्त भात. आमची भातवाढीच मोठी होती! एका वाढीत ताट भरायचं आणि रांग मोठी म्हणून वाढणारा विचारायचाही नाही. भातवाढी लहान केली, "परत घ्या, पण थोडं घ्या" एवढं सांगायला लावलं. दोन बादल्यांची एक झाली.

उरलेलं एक म्हशीवाला न्यायचा. त्यानं एकदा लोणच्याच्या रिकाम्या पुड्या आणून माझ्यापुढं ठेवल्या. म्हशीच्या पोटात प्लास्टिक गेलं की पचत नाही, गोळा होऊन तिथंच बसतं. त्या दिवसापासून लोणचं बरणीतून.

शहापूर, वनस्पतीशास्त्राचा निवृत्त शिक्षक
खतासाठी पहिल्या वर्षी आम्ही खड्डा खणला, तिथंच चुकलं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जुलैत खड्ड्याची विहीर झाली आणि सगळ्या इमारतीला वास. हवा मिळाली तर कचरा कुजतो, नाही मिळाली तर सडतो. दुसऱ्या वर्षी जमिनीच्या वर, फटी ठेवून विटांची टाकी बांधली आणि वर पत्रा घातला. मेसच्या एका टोपलीवर दोन-तीन टोपल्या सुका पाला. ओल्यात नत्र जास्त, पाल्यात कार्बन जास्त. साधारण ३० भाग कार्बनाला १ भाग नत्र असं जमलं की जिवाणू नीट काम करतात, ढीग आतून चांगला तापतो. मूठभर घेऊन दाबलं तर हात ओलसर व्हावा, पाणी टपकू नये.

खरी अडचण वेगळीच निघाली. पाला पडतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि लागतो पावसाळ्यात. तोपर्यंत कॅम्पसवर तो झाडून जाळलेला असायचा. जळणाऱ्या पाल्याचा धूर पाहिला की मला आजही वाईट वाटतं, अहो, ते खत जळतंय. आम्ही तो पोत्यांत भरून आडोशाला ठेवायला लागलो आणि पावसाळ्यातला वास थांबला.

निपाणी, कॉलेजचं ऑफिस
प्रकल्प अहवाल पाठपोट छापायला परवानगी द्या, कागद जवळजवळ निम्मा लागतो. रेक्झिनचं कव्हर आणि स्पायरल बंद करा. रद्दीवाला ते घेत नाही, फाडून वेगळं करायला माणूस लागतो.

कंग्राळी
माझी आई एका कॅम्पसवर झाडलोट करायची. प्रयोगशाळेतली फुटलेली काच कागदाच्या डब्यात कुणीतरी टाकली होती. आईनं डबा दाबला आणि तळहात चिरला. टाके पडले, आठ दिवस ती कामाला गेली नाही, त्या दिवसांचा पगारही गेला. टाकणाऱ्याला हे कधी कळलंच नसणार. मुलींच्या वसतिगृहात पॅड उघडे पडलेले असायचे, तेही तीच हातानं वेचायची. काच वेगळ्या डब्यात टाका. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे उचलणारीला आत काय आहे ते न उघडता कळतं. आता मी स्वतः वसतिगृहात राहते. माझ्या मजल्यावर प्रत्येक खोलीत जाऊन मी हे सांगितलंय, आईचं नाव घेऊन.

धागाकर्ता
कंग्राळीच्या ताई, तुमचं लिहिणं आमच्या विभागात सकाळी वाचून दाखवलं. फुटक्या काचेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा आजच ठेवला. शहापूरच्या सरांना एक विचारायचंय : निलगिरीचा पाला टाकीत चालतो का? आमच्याकडे तोच जास्त आहे.