लोटेला ३३ केव्ही: एअर इन्सुलेटेड पॅनल घ्यावं की जीआयएस?

लोटे_मेंटेनन्स:
नमस्कार मंडळी. लोटेच्या (चिपळूणजवळची केमिकल वसाहत) आमच्या कारखान्यातलं ३३ केव्हीचं जुनं आउटडोअर यार्ड (उघड्यावरचं स्विचगिअर, म्हणजे वीज चालू-बंद करणारी यंत्रणा) काढून इनडोअर करायचंय. एक इनकमर (वीज आत घेणारा), दोन ट्रान्सफॉर्मर फीडर (ट्रान्सफॉर्मरला वीज देणारे). कोटेशनं दोन आलीत: ट्रॉलीवर व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर) असलेलं एअर इन्सुलेटेड पॅनल आणि जीआयएस (गॅस भरलेल्या सीलबंद टाकीतलं स्विचगिअर). जीआयएस बरंच महाग. साहेब म्हणतात, ब्रेकर दोन्हीत व्हॅक्यूमचाच, मग जास्तीचे पैसे कशाला? खोली ८ बाय ५ मीटर, पावसाळ्यात भिंतींना ओल येते.

टेस्टिंगवाला:
आधी टेप लावा. ३३ केव्हीचं एअर पॅनल पुढून मागे अडीच मीटरच्या आसपास जातं, त्यात ट्रॉली बाहेर ओढायला पुढे जागा आणि मागे माणूस शिरायला वाट. ५ मीटरमध्ये कोंडी होईल.

किनाऱ्यावरचा:
साहेबांचं अर्धं बरोबर आहे. ब्रेकर उघडताना उडणारा आर्क (विजेचा झोत) दोन्हीकडे व्हॅक्यूम बॉटलमध्येच विझतो. फरक बसबारभोवती (वीज वाहणाऱ्या पट्ट्यांभोवती) काय आहे त्याचा. एअर पॅनलमध्ये तुमच्या खोलीतली हवा हेच इन्सुलेशन, आणि लोटेची हवा म्हणजे दमट, त्यात केमिकलच्या वाफा.

मी रत्नागिरीजवळ असंच पॅनल सांभाळलंय. दुसऱ्या पावसाळ्यात रात्रपाळीला दिवे मालवून मागे उभा राहिलो, तर आतून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज, ओझोनचा उग्र वास, आणि बघायच्या काचेतून स्पाउटच्या (ब्रेकर जिथे जोडला जातो त्या इपॉक्सीच्या नळकांड्याच्या) कडेला निळसर झाक. शटडाउन घेऊन उघडलं. इपॉक्सीवर पांढरी भुकटी, तांब्याला हिरवा थर. पॅनल कोरडं ठेवणाऱ्या स्पेस हीटरचा एमसीबी उन्हाळ्यात कुणीतरी पाडला होता, तो तसाच! पुसून, सुकवून चालवलं, पण एका स्पाउटवर कार्बनची रेघ (गळत्या विजेची वाट) उमटली होती, तो बदलावाच लागला.

जीआयएसमध्ये बसबार सीलबंद टाकीत, केबलच्या टोकाला प्लग-इन टर्मिनेशन (खोचून बसवायचा बंद जोड). ओल तिथवर पोचतच नाही. तुमच्या जागी मी तेच घेईन. मात्र जॉइंटर (केबल जोडणारा) त्या टर्मिनेशनचा सराव असलेलाच हवा. आणि टाकीत बिघाड झाला तर कंपनीचा माणूस येईपर्यंत तो फीडर बंद. एअर पॅनलला स्पेअर ब्रेकर ट्रॉली असेल तर अर्ध्या तासात चालू.

टाकीत कोणता गॅस आहे तेही विचारा. जीआयएसमध्ये सहसा असतो तो एसएफ६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) हा कार्बन डायऑक्साइडच्या २० हजार पटींहून जास्त तापमानवाढ करणारा वायू आहे. युरोपात २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये तो १ जानेवारी २०२६ पासून बंद, ५२ केव्हीपर्यंत २०३० पासून. एसएफ६ऐवजी ड्राय एअर (कोरडी हवा) भरलेल्या जीआयएसचं कोटेशन मागवून बघा.

वाशिष्ठीकाठ:
चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर आठवा. पुरात टाकी तग धरेल, पण ब्रेकरची मेकॅनिझम आणि रिले (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण) असलेला एलटी (कमी व्होल्टेजचा) कप्पा नाही धरणार. काहीही घ्या, प्लिंथ (चौथरा) उंच बांधा.

लोटे_मेंटेनन्स:
किनाऱ्यावरचे दादा, मनापासून आभार. टेप लावली. ट्रॉली पूर्ण ओढली की दार उघडत नाही. ड्राय एअरचं कोटेशन उद्याच मागवतो. तुमचा तो हीटरचा प्रसंग साहेबांना वाचून दाखवला, ते तेव्हाच उठून आमच्या ११ केव्ही पॅनलचे हीटर बघायला गेले. चारपैकी एक बंद निघाला.