मदत हवी आहे: ‘पोयाईस’ या बनावट देशाबद्दल

नमस्कार मंडळी. बारावीच्या अर्थशास्त्राच्या मुलांसाठी पोयाईसवर टिपण तयार करतोय. ग्रेगर मॅकग्रेगर या स्कॉटिश माणसाने १८२० च्या दशकात, मध्य अमेरिकेच्या मॉस्किटो किनाऱ्यावर हा देश असल्याचं लंडनमध्ये पसरवलं. सरकार, बँक, छापील नोटा, सेंट जोसेफ नावाची राजधानी, सगळं कागदावर! १८२२ मध्ये या देशाच्या नावाने २,००,००० पौंडांचे कर्जरोखे विक्रीला आले. जमिनी विकत घेऊन सुमारे अडीचशे माणसं तिकडे गेली, तर तिथे नुसतं जंगल. त्यातली बहुतेक दगावली. वाचताना फार वाईट वाटतं.

एवढे लोक भुलले कसे, हे मुलांना नीट कळायला हवं. कोलंबिया, चिली, पेरू हे नवे देश त्याच वर्षी लंडनमध्ये खरोखर कर्ज उभारत होते आणि ब्रिटिश सरकारी रोख्यांपेक्षा जास्त व्याज देऊ करत होते. मला तेच मुख्य कारण वाटतं.

त्या काळच्या रोखेबाजारावर सोप्या मराठीत काही लिहिलेलं कुणाला ठाऊक आहे का? वाचलेल्या वसाहतकऱ्यांच्या आठवणी कुठे मिळतील? आणि ब्रिटनमधल्या कुणी पोयाईसची नोट प्रत्यक्ष पाहिली असेल, तर फोटो पाठवाल का?