गाइड म्हणतात, ‘डिव्हाइस पेशंटपर्यंत नेऊ’. खरंच जातं का?

अदिती_कळवा

नमस्कार. बायोमेडिकलमध्ये एम.टेक.चं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. हातात दोन गोष्टी आहेत. एक, व्हेंटिलेटर विकणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअरची नोकरी, ऑफिस अंधेरीला, पगार बरा. दुसरी, आमच्याच सरांकडे पीएच.डी. सर वैद्यकीय उपकरणं बनवतात. पेपर भरपूर, पेटंटं भिंतीवर फ्रेम करून लावलेली, आणि काचेच्या कपाटात प्रोटोटाइप ओळीने मांडलेले. त्यातलं हॉस्पिटलात काय पोचलं, हे विचारायचा धीर झाला नाही.

बाबा म्हणतात, मशीन कंपन्या बनवतात, प्रोफेसर शिकवतात. या क्षेत्रातल्या प्राध्यापकाचं आयुष्य आतून कसं असतं, कुणी सांगेल का?

वाशीचा_पक्या

नोकरी घे. जेआरएफचे, म्हणजे पीएच.डी.च्या फेलोशिपचे, ३७,००० आणि वर एचआरए, त्यात मुंबईत काय होतं? पीएच.डी. पळून जात नाही.

निवृत्त_मास्तरीण

अदिती, मी नोकरीभर हेच केलं. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

मी मूळची इलेक्ट्रॉनिक्सची. बायोमेडिकलकडे वळले ती ध्यास वगैरे घेऊन नाही, त्या विभागात जागा निघाली म्हणून. पुढची बहुतेक वर्षं एकाच उपकरणात गेली: काविळीच्या नवजात बाळांसाठी निळ्या प्रकाशाचं युनिट, म्हणजे फोटोथेरपी. बाळाच्या रक्तात बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य वाढतं, फारच वाढलं तर मेंदूला इजा होते. निळ्या प्रकाशाने त्वचेतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि ते शरीराबाहेर टाकणं सोपं जातं. पुस्तकात हे अर्ध्या पानात संपतं.

हा उपचार सापडला तो मात्र कुठल्या प्रयोगशाळेत नाही. १९५६ साली इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या हॉस्पिटलात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बाहेर उन्हात न्यायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग फिकट झालेलं आणि चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला तिकोनी तुकडा तेवढा पिवळाजर्द. पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिनही उतरलेलं निघालं. १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पेपर आला. लेखक तीन: क्रेमर, पेरीमन, रिचर्ड्स. सिस्टर वॉर्ड लेखकांत नाहीत. माझ्या प्रत्येक बॅचला मी हे पहिल्याच तासाला सांगायचे, आणि परीक्षेतही विचारायचे.

आता आमच्या वॉर्डाकडे ये. जोरदार उपचारासाठी बाळाच्या अंगावर दर चौरस सेंटिमीटरला, तरंगलांबीच्या दर नॅनोमीटरमागे निदान ३० मायक्रोवॅट प्रकाश पडावा लागतो. कंपनीच्या पत्रकात तेवढा लिहिलेला असतोच, पण तो दिव्यापासून ठरावीक अंतरावर मोजलेला. वॉर्डात दिवा त्या अंतरावर नसतो. सलाइन लावायला, लंगोट बदलायला, बाळ पाजायला घ्यायला मध्ये हात जात नाही, म्हणून सिस्टर स्टँड वर सरकवतात आणि तो वरच राहतो. मीटर धरला की प्रकाश निम्म्यावर आलेला. शिवाय निळ्या उजेडात बाळ स्वतः निळं पडलंय का, हे दिसत नाही. सिस्टरांचं डोकं दुखतं ते वेगळंच.

त्यामुळे आमचं खरं काम एलईडीचं नव्हतंच. नमुन्यापुरते एलईडी लॅमिंग्टन रोडवर मिळायचे. डोकं खाल्लं ते स्टँडने. दिवा बाजूला ढकलता यावा, सोडला की त्याच उंचीवर परत यावा, आणि ढकलल्याबरोबर निळा बंद होऊन पांढरा लागावा. त्याचा सांधा वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडे पुन्हा पुन्हा करून घेतला. शेवटी स्प्रिंगची जागा त्यानेच बदलली आणि ती बरोबर बसली. प्रकाश अंगभर सारखा कसा पसरतो, यावर माझ्या विद्यार्थ्याचा प्रबंध झाला, पेपर झाले. सांध्यावर काहीच झालं नाही. प्रमोशनच्या फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता. बढती उशिरा मिळाली, याचं वाईट वाटलं. नाही कशाला म्हणू?

त्यानंतर चाचण्या. विजेवरच्या वैद्यकीय उपकरणांना आयईसी ६०६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक, आणि बाळांच्या फोटोथेरपीला त्यातलाच खास भाग, ६०६०१-२-५०. गळती करंट, तापमान, शेजारच्या मॉनिटरला त्रास होतो का, सगळं तपासतात. मी सुरुवात केली तेव्हा बहुतेक उपकरणांना आपल्याकडे परवानाच लागत नसे. १ जानेवारी २०१८ पासून २०१७ चे मेडिकल डिव्हाइस नियम लागू झाले, धोक्याप्रमाणे ए ते डी असे वर्ग आले. आता चाचणीपुरते नग बनवायलासुद्धा एमडी-१३ चा परवाना काढावा लागतो. आमच्यातले काही जण यावर कुरकुरतात, मी नाही. बाळाच्या अंगावर दिवा लावायचा तर कुणीतरी विचारायलाच हवं.

मग उत्पादक. लोकांना वाटतं, तंत्रज्ञान दिलं म्हणजे फाइल दिली, फोटो काढला, शाल-श्रीफळ झालं. आमच्या उत्पादकाने दिव्याखालचा प्लॅस्टिकचा पत्रा बदलून स्वस्तातला लावला. दिसायला तसाच. काही महिन्यांत तो पिवळसर पडला, आणि पिवळं प्लॅस्टिक नेमका निळाच प्रकाश खातं. बाळ दिव्याखाली, दिवा चालू, आणि उपचार अर्धामुर्धा! ते मीटरवर कळलं, कारण आमचा एक मुलगा अजून वॉर्डात जात होता. त्याचा प्रबंध कधीच जमा झालेला होता.

वेळेचं म्हणशील तर ‘चित्रा’ या हृदयाच्या कृत्रिम झडपेकडे बघ. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हृदयाचे सर्जन डॉ. वलियाथन आणि त्यांचे इंजिनिअर सहकारी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून मागे लागले होते. आधीची मॉडेलं एकामागून एक बाद झाली. झडप वर्षाला साधारण साडेतीन कोटी वेळा उघडझाप करते, तिथे धातूची झीज लपत नाही. शेवटी कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि पॉलिथिलिनची चकती असं जमलं, आणि माणसात पहिली झडप बसली डिसेंबर १९९० मध्ये. एवढ्या काळात एखाद्याचे किती पेपर झाले असते!

पक्याचं गणित चुकीचं नाही, पण सर्व्हिसची नोकरी करून मग पीएच.डी.ला आलेली मुलं मला जास्त आवडायची. मशीन कुठे मोडतं, ते त्यांना ठाऊक असायचं.

कपाटावरून सरांची परीक्षा करू नकोस, सगळ्यांकडे कपाट असतं. सरांना म्हण, ‘तुमचं एखादं उपकरण जिथे चालू आहे, तिथे मला घेऊन चला.’ नेलं तर तिथल्या सिस्टर त्यांना ओळखतात का, बघ.

बायोमेड_परळ

मॅडम, मी हॉस्पिटलच्या बाजूचा. प्लॅस्टिकची गोष्ट वाचून हसू आलं, आमच्याकडे असे पिवळे पत्रे पाहिलेत.

एक भर घालतो. टेंडरमध्ये पुष्कळदा युरोपचं सीई किंवा अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मागतात, तिथेच देशी युनिट बाद होतं. घेतलं तरी वॉरंटी संपल्यावर सर्किट बोर्ड कोण देणार? प्राध्यापक निवृत्त, विद्यार्थी अमेरिकेत, उत्पादक फोन उचलत नाही. अदिती, सरांना सुट्या भागांचंही विचार.

निवृत्त_मास्तरीण

बरोबर आहे. म्हणून आम्ही पंखा आणि पॉवर सप्लाय बाजारात कुठेही मिळणारे घेतले होते. समितीने ‘यात नावीन्य काय?’ असं विचारलं होतं.

अदिती_कळवा

मॅडम, खूप आभार. आज सरांना विचारलं. आधी गप्प बसले, मग म्हणाले, एक उपकरण ठाण्यात चालू आहे, पुढच्या आठवड्यात जाऊ. बाकीच्यांबद्दल म्हणाले, ‘निधी संपला.’ बाबांना अजून सांगितलं नाही. तिथे गेल्यावर काय बघू?

निवृत्त_मास्तरीण

‘निधी संपला’ म्हणाले ना, मग माणूस सरळ आहे.

उपकरणावर चिकटपट्टीने काय काय लावलंय ते बघ. कुठलं बटण झाकलंय, कुठे पेनाने बाण काढलाय, ते वहीत लिही. फोटो परवानगीशिवाय काढू नकोस, पेशंटचा तर मुळीच नाही. सिस्टर इनचार्जना आधी भेट, डॉक्टरांना नंतर. आणि शिफ्ट बदलायच्या वेळी जाऊ नकोस, तेव्हा कुणाला बोलायला फुरसत नसते. अकराच्या सुमारास जा.