पिन खोऱ्यातलं मुध : आईला घेऊन सप्टेंबरात जमेल का?

प्रश्न (पायवाट_नाशिक):
हिमाचलातल्या स्पितीत काझा, की गोम्पा, चिचम इथली गर्दी नको आहे. पिन खोऱ्याच्या टोकाला, रस्ता संपतो तिथलं मुध गाठायचं आणि तीन रात्री तिथेच राहायचं असं डोक्यात आहे. आम्ही दोघं आणि आई, वय ६३, बीपीची गोळी रोज चालू, चालणं ठणठणीत. चंदीगडहून चंदीगड ९ दिवस. मनालीमार्गे कुंझुम खिंड ओलांडून गेलं तर दोन दिवस वाचतात, ते बरं का? परमिट, गाडी, घरात राहण्याच्या अडचणी, सगळंच सांगा.

रानवाट:
मनालीमार्गे जाऊ नका. मनाली २,०५० मीटर, कुंझुम ४,५५१ आणि झोपायला काझा ३,६५०, हे सगळं एका दिवसात. पहिल्याच रात्री डोकं ठणकायला लागतं आणि वाचवलेले दोन दिवस अंथरुणात जातात. शिवाय त्या वाटेवरचा ग्राम्फू ते बातल हा रस्ता म्हणजे नुसते दगडधोंडे. दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळून नाले फुगतात, सकाळी आरामात ओलांडता येणारं पाणी चारच्या सुमाराला चाकं अडवतं.

किन्नौरकडून चढा. मुक्काम असे: नारकंडा (२,७००), कल्पा (२,९६०), ताबो (३,२८०) दोन रात्री, मग मुध (सुमारे ३,७७०). तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही, हा नियम इथे बरोबर बसतो. वाटेत नाको दिसतं सुंदर, पण ते ३,६६० वर आहे. कल्प्याहून थेट तिथे झोपलात तर उडी ७०० ची होते. चहा घ्या, तळं बघा, पुढे निघा.

परतीला मुध ते पिओ (कल्प्याखालचं रेकाँग पिओ) सुमारे २२० किमी, म्हणजे अख्खा दिवस. मग नारकंडा, मग चंदीगड. हिशेब १० दिवसांचा होतो. नऊच असतील तर मुधची एक रात्र कापा, ताबोची नको.

भारतीयांना परमिट लागत नाही, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. ताबोकडून आलात की अट्टरगूच्या पुलावर पिन खोऱ्यात वळता, काझा लागतच नाही. म्हणून रोख रक्कम पिओलाच काढा. टाकी पिओजवळच्या पोवारीच्या पंपावर पूर्ण भरा, पण तेवढ्या इंधनात गाडी परत पोवारी गाठेल असं धरून चालू नका. अट्टरगूहून काझ्याचा पंप साधारण १५ किमी, तिथे एक फेरी होईलच.

गोळीऔषध:
वरच्या वेळापत्रकाला +१. आईंच्या बाबतीत एक गोष्ट लोक विसरतात. उंचीच्या त्रासावर खरा उपाय खाली उतरणं, आणि मुधहून पटकन उतरायला जागा नाही. काझा फक्त शंभरेक मीटर खाली. खरी उतरण ताबो आणि त्यापुढे किन्नौरच्या बाजूला. त्यामुळे निर्णय ताबोत घ्यायचा: दुसऱ्या सकाळी डोकेदुखी, मळमळ असेल तर पुढे जायचं नाही, तिथेच अजून एक रात्र.

बीपीची गोळी बंद करू नका. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी, १२५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून) डॉक्टरांना विचारूनच. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक असेल किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायला हवं. बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही वर्ज्य.

ऑक्सिमीटर न्या, पण बोटं चोळून गरम करून मग लावा, गार बोटांवर आकडा खोटा कमी येतो. त्या उंचीवर ८५ ते ९० सर्रास दिसतो. बसल्या जागी धाप, खोकला, ओठ निळसर किंवा चालताना तोल जाणं, यातलं काहीही दिसलं की रात्र असली तरी गाडी काढायची. म्हणून चालक गावातच मुक्कामी हवा.

ओसरी:
घराचं सांगते. जुन्या घरात कोरडा संडास असतो: वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, कडेला मातीचा ढीग आणि फावडं. झालं की दोन फावडी माती टाकायची. खाली साठतं ते वसंतात शेतात खत म्हणून जातं. आपली पाण्याची सवय इथे आड येते. पाणी ओतलं की खालचं कुजून खत होत नाही, सडतं आणि घरभर वास सुटतो. कागद चालतो, ओले वाइप्स आणि पॅड अजिबात नाही, ते पिशवीत बांधून परत आणा. आईंचे गुडघे कुरकुरत असतील तर कमोड असलेलं घर फोनवर आधीच विचारून घ्या, आता बऱ्याच घरांत आहे.

त्या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ कुकरशिवाय शिजत नाही. रात्रीचं जेवण दुपारीच सांगून ठेवा. गरम पाण्याची बादली माणशी एक, तीही रोज मागू नका. लाकूड तिथे उगवत नाही आणि सिलिंडर काझ्याहून येतो.

सप्टेंबर म्हणजे जवाच्या कापणीचे दिवस. घरची माणसं सकाळी शेतात असतात, त्यामुळे नाश्ता लवकर उरका. पाटाच्या पाण्यात कपडे धुवायचे नाहीत. मणी-दगडांची (मंत्र कोरलेल्या दगडांची) भिंत आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. हिंदी चालते, सुरुवात मात्र ‘जुले’ने (तिथला नमस्कार) करा.

पायवाट_नाशिक:
दहावा दिवस काढतो. काझ्याहून बस आहे म्हणतात, ती घेतली तर?

रानवाट:
आहे. दुपारी सुटते, मुधला मुक्काम करते, सकाळी परतते. तुम्हा दोघांना चालली असती. आई बरोबर असताना नको, कारण रात्री अपरात्री निघायची वेळ आली तर बस सकाळपर्यंत हलणार नाही.