टॉप्ससाठी दोन राउंड हिरे, दोन्ही ट्रिपल एक्सलंट, मग लाइटचं मशीन वेगळं का सांगतंय?

वाघोडियारोडवाली
आईला दिवाळीनंतर साठ पूर्ण होतायत, दादा आणि मी मिळून हिऱ्याचे टॉप्स करतोय. मोत्याच्या कुड्या तिच्याकडे आहेतच त्यामुळे यावेळी सॉलिटेअर. बडोद्यात अलकापुरीत एका दुकानात जोडी बघितली, दोन्ही राउंड, दोन्हीला जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचं सर्टिफिकेट, रंग जी, स्वच्छता व्हीएस१, ट्रिपल एक्सलंट (कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही). पहिला ७० सेंट (०.७० कॅरेट): टेबल (वरचा सपाट पैलू) ५६ टक्के, क्राउन (वरच्या भागाचा उतार) ३४.५ अंश, पॅव्हिलियन (खालच्या भागाचा उतार) ४०.८ अंश, डेप्थ (उंची) ६१.७ टक्के. दुसरा ७२ सेंट: टेबल ५७, क्राउन ३५.५, पॅव्हिलियन ४१.२, डेप्थ ६२.६. रुंदी दोघांची ५.७ मिमीच्या आसपास.

मग त्यांनी एकेक करून हिरे एका डब्यासारख्या मशीनमध्ये ठेवले, स्क्रीनवर पट्ट्या आल्या. पहिल्याच्या तिन्ही पट्ट्या, ब्राइटनेस, फायर (रंगीत ठिणग्या), स्पार्कल, शेवटपर्यंत. दुसऱ्याचा ब्राइटनेस एक पायरी खाली पण फायर पहिल्याइतकंच किंवा जरा जास्तच. दुकानदार म्हणे ताई जोडीत एवढं चालतं. रावपुऱ्यात दुसऱ्या दुकानात गेले तर तिथलं मशीन वेगळं, पट्ट्याबिट्ट्या नाहीत, नुसते स्टार, आणि त्यांची जोडी साडेचार स्टारची. आता पट्ट्यांची आणि स्टारची तुलना करायची कशी? आणि सर्टिफिकेटवर दोन्ही एक्सलंट असतील तर मशीनचं ऐकायचं कशाला? मला खरंच कळत नाहीये, दुकानातल्या लाइटखाली तर सगळंच चमकतं, माझ्या चपलेवरचा खडासुद्धा.

निवृत्त_घंटीवाला
ताई, मी वीस वर्षं सुरतेला वराछात हिरे घासण्यात काढली, आता मांजलपूरला निवांत आहे. मशीन बाजूला ठेवा, तुमचे आकडेच बोलतायत. आमच्याकडे क्राउनला मथाळा आणि पॅव्हिलियनला तळिया म्हणायचे. मथाळा चढवला तर तळिया थोडा उतरवायचा, म्हणजे प्रकाशाचं गणित जुळतं. तुमच्या ७२ सेंटमध्ये दोन्ही चढलेत, ३५.५ वर ४१.२. असा हिरा काही चुकून होत नाही, रफमधून (कच्च्या हिऱ्यातून) वजन वाचवायला तसा ठेवतात. बघा ना, दोन सेंट जास्त आहे पण रुंदी तेवढीच, म्हणजे जास्तीचं वजन पोटात गेलंय, जे कानात घातल्यावर कुणाला दिसणार नाही आणि पैसे मात्र त्याचेही द्यायचे.

एक्सलंटचं म्हणाल तर जीआयएची एक्सलंटची पेटी मोठी आहे. पॅव्हिलियन साधारण ४०.६ पासून ४१.८ पर्यंत आणि क्राउन ३१.५ ते ३६.५ पर्यंत जातो, अर्थात सगळे आकडे एकमेकांशी जुळले तर. तुमचे दोघं एकाच पेटीत आहेत पण एक मधोमध आणि दुसरा कडेकडे. अजून एक, सर्टिफिकेटवरचे आकडे सरासरीचे आणि राउंड केलेले असतात, क्राउन अर्ध्या अंशाला, पॅव्हिलियन ०.२ ला. त्यामुळे ४१.२ म्हणजे नक्की किती ते सरीनचा (हिऱ्याची मापं घेणारं मशीन) पूर्ण रिपोर्ट मिळाला तरच कळेल, त्यात आठही बाजूंचे कोन वेगवेगळे असतात. मागा, बहुतेक असतो त्यांच्याकडे.

फिजिक्सचा_मास्तर
काकांनी बरोबर सांगितलं, मी फक्त कारण जोडतो. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, त्यामुळे क्रिटिकल अँगल २४.४ अंश. आत शिरलेला किरण मागच्या पैलूच्या लंबाशी यापेक्षा मोठ्या कोनात आपटला तर बाहेर पडू शकत नाही, परत फिरतो. कमी कोनात आपटला की गेला मागच्या मागे. दोन्ही कोन चढले की टेबलाच्या कडेखाली अशी गळती सुरू होते, तिथे एक फिकट कडं दिसतं, तुमच्या ब्राइटनेसची पायरी बहुधा तिथेच गेली. राउंड हिऱ्याला सगळ्यात चांगले कोन कुठले हे मार्सेल तोल्कोव्स्की नावाच्या इंजिनिअरने १९१९ मध्ये गणिताने काढलं होतं, क्राउन ३४.५ आणि पॅव्हिलियन ४०.७५, तुमचा पहिला हिरा जवळजवळ तोच आहे!

आणि जीआयएचा कट ग्रेड म्हणजे तुमच्या हिऱ्यावर लाइट टाकून केलेलं मोजमाप नाही हो. २००६ पासून ते राउंडला कट ग्रेड देतात, त्यासाठी आधी २,३०० च्या आसपास हिरे माणसांना दाखवून ७० हजारांवर निरीक्षणं घेतली, त्यावरून तक्ते केले, आता तुमच्या हिऱ्याची मापं त्या तक्त्यात बसवतात आणि वर पॉलिश-सिमेट्री वगैरे बघतात. मशीन मात्र समोरचाच हिरा बघतं. म्हणून दोघांचं न जुळणं यात कुणी खोटं बोलतंय असं नाही.

पण मशीनचाही एक लाइट ठरलेला असतो. ब्राइटनेसला पसरलेला उजेड लागतो, ढगाळ दिवशी खिडकीत असतो तसा, आणि फायरला छोटा तीव्र दिवा, अंधाऱ्या हॉलमधला स्पॉट किंवा मेणबत्ती. एकाच उजेडात दोन्ही पूर्ण दिसणार नाहीत. कुठल्या कंपनीने दिवे कुठल्या कोनात लावले, त्यावर किती गुणांना एक स्टार ठरवला, हे प्रत्येकाचं वेगळं. त्यामुळे अलकापुरीची पट्टी आणि रावपुऱ्याचा स्टार यांची तुलना म्हणजे एसएससीचे टक्के आणि सीबीएसईची ग्रेड शेजारी ठेवणं. एका मशीनवर दोन हिरे, हे चालेल. दोन मशीनवर दोन हिरे, नाही.

सराफाचा_मुलगा
घरातच धंदा असल्याने जरा स्पष्ट बोलतो, बडोद्याचं दुकान म्हणून सांगत नाही. एका मोठ्या शोरूमला मी गिऱ्हाईक म्हणून गेलो होतो, त्यांच्या मशीनमध्ये हिरा ठेवला, तिन्ही पट्ट्या फुल. मी म्हटलं काढून परत ठेवा. परत ठेवला तर फायर एक पायरी खाली! हिरा तोच, माणूस तोच, फक्त यावेळी किंचित तिरका बसला होता आणि काचेवर बोटाचा ठसा. सेल्समन म्हणतो पहिला रिपोर्टच फायनल धरायचा. 😀

त्यामुळे ताई, तुम्हीपण काढून-पुसून तीनदा ठेवायला लावा. तिन्ही वेळा दुसऱ्याचा ब्राइटनेस खाली आला तर फरक खरा, मागेपुढे झाला तर तो मशीनचा. आणि फायर "जरा जास्तच" यावर अजिबात जाऊ नका, एवढासा फरक बसवण्यातसुद्धा पडतो.

माझ्या मते याहून सोपं म्हणजे आयडियल-स्कोप. छोटा लाल नळीसारखा प्रकार, बॅटरी नाही काही नाही, खालून उजेड आणि वरून डोळा. लाल दिसलं म्हणजे प्रकाश परत येतोय, काळे आठ बाण म्हणजे कॉन्ट्रास्ट (हे असायलाच हवं, नाहीतर हिरा सपाट दिसतो), पांढरं किंवा फिकट गुलाबी म्हणजे गळती. एसेट त्याचाच मोठा भाऊ, एजीएस या अमेरिकेतल्या हिरे तपासणाऱ्या लॅबने आणलेला, त्यात लाल वरून येणारा प्रकाश, हिरवा आडवा येणारा, निळा म्हणजे बघणाऱ्याच्या डोक्याची सावली. ती लॅब २०२२ च्या शेवटी बंद झाली आणि काम जीआयएकडे गेलं, पण नळी अजून चालते. तिला स्टार देता येत नाहीत म्हणून दुकानदारांना ती आवडत नाही.

दांडियाबाजारची_काकू
सगळं वाचलं, डोकं गरगरलं. आमच्या खंडेराव महाराजांनी ब्राझीलचा १२८ कॅरेटचा स्टार ऑफ द साउथ घेतला तेव्हा कुठलं मशीन होतं? डोळ्यानेच पाहिला असेल ना. असो. मला दोनच गोष्टी सांगायच्यात. एक, आई केसांना तेल लावतात का? हिऱ्याला तेलाची फार ओढ, मागे तेल बसलं की तुमचा तीन पट्ट्यांचा हिरा महिन्याभरात मंद होतो, मास्तर म्हणतात तो प्रकाश परत फिरायचं कामच बिघडतं. मागून उघडं सेटिंग घ्या म्हणजे कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुता येईल. दुसरं, टॉप्स कानात सरळ राहत नाहीत, वजनाने पुढे झुकतात, मग बघणाऱ्याला टेबल समोरून दिसतच नाही. कानाच्या पाळीला चिकटून बसेल असंच करून घ्या.

सराफाचा_मुलगा
काकू तेलाचं शंभर टक्के. खाणीतसुद्धा हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेले पट्टे वापरायचे, हिरा चिकटतो आणि बाकीचे दगड पाण्याबरोबर वाहून जातात.

वाघोडियारोडवाली
काल परत गेले. तीनदा ठेवायला लावलं, दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं होतं. पहिल्याच्या पट्ट्या तिन्ही वेळा तशाच. दुसऱ्याचा ब्राइटनेस तिन्ही वेळा एक पायरी खाली, फायर एकदा वर एकदा खाली. नळी मैत्रिणीच्या भावाकडून आणली होती, दुसऱ्यात टेबलाखाली मास्तरांनी सांगितलं तसं फिकट गुलाबी कडं स्पष्ट दिसलं, पहिला लालभडक. मग दोन्ही घेऊन बाहेर ओटल्यावर सावलीत बघितले, माणूस सोबत आला अर्थात. तिथे मात्र हातभर अंतरावरून फरक मला कळला, दादाला नाही कळला. आईला विचारलं तर म्हणे माझे दोन्ही कान एकदम बघणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तरी ७२ सेंटवाला नको सांगितलं. सुरतेहून ७० सेंटच्या आसपास, पॅव्हिलियन ४०.६ ते ४०.८ आणि क्राउन ३४.५ चा दुसरा मागवतायत, गुरुवारी येईल. सरीनचा रिपोर्ट पण मागितलाय. काका, फिरकी आट्यांची करू का दाबायची?

निवृत्त_घंटीवाला
आट्यांचीच. आणि गुरुवारी नळी न्यायला विसरू नका.