खारा वारा, नवी व्हर्टस जीटी आणि दीड लाख रुपये: एक्झॉस्ट आधी की रंगावरची पीपीएफ फिल्म?

मिऱ्याबंदर

नमस्कार मंडळी. दसऱ्याला गाडी हातात येतेय, फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी, १.५ लिटर, डीएसजी ऑटोमॅटिक, रंग लाल. कोल्हापूरला बुक केलीय, तिथून आंबा घाटाने खाली रत्नागिरीला आणायची. घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, पावसाळ्यात खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं तर जिभेला खारट लागतं एवढं जवळ. आधीच्या गाडीचा सायलेन्सर दोनदा सडून बदललाय त्यामुळे अनुभव आहेच.

गाडी सोडून दीड लाख बाजूला काढलेत. मित्रमंडळी म्हणतात आधी एक्झॉस्ट कर, म्हणजे धुराचा पाइप आणि सायलेन्सर बदल, एवढी दीडशे पीएसची गाडी आणि आवाज शिलाई मशीनचा, एकाने तर डाउनपाइपसकट (टर्बोनंतरचा पहिला पाइप) पूर्ण लाइन आणि वर रिमॅप (सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवणं) असा प्लॅन काढून दिलाय. दुसरीकडे एक डिटेलिंगवाला म्हणतो रंगावर सिरॅमिक कोटिंग मारा, नाईन एच आहे, दगड लागला तरी काही होत नाही. शोरूमवाले त्यांचं टेफ्लॉन कोटिंग गळ्यात मारतायत ते वेगळंच. बाबा म्हणतात दीड लाखात कलमांच्या बागेला चिऱ्याचं कुंपण झालं असतं.

रोजचं रनिंग घर ते ऑफिस चार किलोमीटर, महिन्यातून दोनदा कोल्हापूर किंवा मुंबई. गाडी अंगणात हापूसच्या कलमाखाली उभी राहणार, शेड नाही. काय आधी करू, काय करूच नको, सरळ सांगा.

भोस्तेघाट

अभिनंदन भाऊ. मी रोज हायवेवरचा माणूस, खेड चिपळूण संगमेश्वर, त्यामुळे रंगाबद्दल बोलतो, आवाजाचं दुसरे सांगतील.

पहिलं म्हणजे तो नाईन एचवाला खोटं बोलतोय किंवा त्याला स्वतःलाच माहीत नाही. नाईन एच हा पेन्सिलचा कडकपणा आहे, पेन्सिल घासून चरा उठतो का एवढंच त्यात बघतात, दगडाचा त्यात काही संबंध नाही. सिरॅमिकचा थर एक दोन मायक्रॉनचा. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट चाळीस पन्नास मायक्रॉन. आणि चांगली पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, टीपीयू या लवचिक प्लॅस्टिकची, दोनशे मायक्रॉनच्या आसपास. आता समोरून चिऱ्याचा ट्रक किंवा खडीचा डंपर चाललाय आणि ताडपत्री नावाला बांधलीय, तर तो खडा कोण अडवणार ते तूच ठरव. माझ्या जुन्या गाडीच्या बॉनेटवर एका वर्षात सतरा टिकल्या उडल्या होत्या, मोजल्या होत्या मी, दुसरं काम नव्हतं त्या दिवशी. आणि आपल्याकडे टिकली उडाली की पत्रा उघडा पडतो आणि खाऱ्या हवेत पहिल्याच पावसात तिथे तांबूस ठिपका येतो, पुण्यात तोच ठिपका यायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

त्यामुळे पीपीएफ आधी. सगळ्या गाडीला नाही परवडली तर पुढचा भाग पूर्ण कर, म्हणजे बंपर, बॉनेट, फेंडर, आरसे, हेडलाइट, शिवाय दाराच्या खालचा पट्टा आणि मागच्या चाकापुढचा भाग, जिथे आपलेच टायर खडी उडवतात. मला कोल्हापूरला सेडानच्या पुढच्या भागाचे पंचेचाळीस आणि सगळ्या गाडीचे एक लाख दहा सांगितले होते गेल्या वर्षी, घासाघीस करून खाली आले. परदेशी ब्रँडच पाहिजे असं काही नाही, गरवारेची फिल्म आपल्या वाळूजला बनते, माझ्या गाडीवर तीच आहे आणि तक्रार नाही.

दोन गोष्टी बघ. एक, फिल्म टीपीयू आहे का ते रोलवर आणि वॉरंटी कार्डवर वाचून घे. मी पहिल्यांदा स्वस्तात लावून घेतली ती पीव्हीसी निघाली, दीड वर्षात पांढऱ्या गाडीचा रंग जुन्या वर्तमानपत्रासारखा झाला आणि काढताना गोंद राहिला तो वेगळा. नाव घेत नाही, दुकान आता बंद आहे. दोन, कटिंग प्लॉटर मशीनवर करतात की गाडीवरच ब्लेड फिरवतात ते विचार. ब्लेडवाल्याचा हात जरा दाबला गेला तर ज्या रंगासाठी पैसे भरतोयस त्यालाच चीर जाते, खाऱ्या वाऱ्याला आमंत्रण.

आणि हे सगळं कोल्हापूरलाच उरकून घाट उतर. शोरूमला आधीच लिहून दे की डिलिव्हरीआधी गाडी धुवायची नाही, पॉलिश नाही, टेफ्लॉन नाही. ते जे टेफ्लॉन म्हणतात ते दोन तीन महिन्यांचं वॅक्स असतं आणि पुसायचं फडकं दिवसभर तेच. नव्या लाल गाडीवर उन्हात गोल गोल जाळी दिसते ना, ती तिथेच पडते.

सिरॅमिक वाईट नाही, धुवायला सोपं जातं, पण ते फिल्मवर किंवा उरलेल्या भागावर, आणि दिवाळीनंतर. मारल्यावर पहिला दिवस एक थेंब चालत नाही आणि आठवडाभर धुवायचं नाही. रत्नागिरीत जुलैत कोणी सिरॅमिक मारतो म्हणाला तर समज.

तिसरागिअर

वरच्याशी सहमत. आता आवाजाकडे येतो.

टर्बो गाडीत गॅसला सगळ्यात मोठा अडथळा टर्बो स्वतः आणि त्यानंतरचा कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅट. त्याच्या मागची लाइन आणि सायलेन्सरचा डबा बदलून, म्हणजे कॅटबॅक करून, ताकद वाढते ती सीटवर बसून कळण्याइतकी नाही. आवाज बदलतो फक्त. ते मान्य असेल तर पुढे वाच.

तुझ्या इंजिनात एक गंमत आहे जी मित्रांनी सांगितलेली दिसत नाही. हे १.५ टीएसआय ईव्हीओ कमी लोडवर दुसरा आणि तिसरा सिलिंडर बंद करतं आणि दोनावर चालतं. दोन हजार आरपीएमला चार सिलिंडरचे स्फोट सेकंदाला सुमारे ६७ होतात, दोनावर आले की ३३. कंपनीचा मधला रेझोनेटर आणि मागचा डबा हे दोन्ही आवाज गिळायला बनवलेले असतात. बाहेरचा सरळ पाइपवाला डबा चार सिलिंडरला मस्त घुमतो आणि हातखंब्याच्या पुढे सपाट रस्त्यावर तू ऐंशी नव्वदने आरामात चाललास की गाडी दोनावर जाते आणि केबिनमध्ये असं घुमायला लागतं की कोणीतरी कानाशी रिकामा पिंप वाजवतंय. माझ्या मित्राची हीच गाडी, तो आता मुंबईला जाताना कायम स्पोर्ट मोडला ठेवतो आणि मायलेज गेलं म्हणून रडतो. तेव्हा करायचंच असेल तर रेझोनेटर काढू नको, फक्त मागचा डबा बदल, किंवा व्हॉल्व्हवाला घे जो बंद करता येतो.

डाउनपाइप आणि रिमॅपला मी स्पष्ट नाही म्हणेन. डाउनपाइपसोबत कॅट काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, पी०४२० कोड आणि चेक इंजिनचा दिवा, मग तो दिवा विझवायला सॉफ्टवेअरमध्ये खोटेपणा करायचा. शिवाय तुझा गिअरबॉक्स डीक्यू२००, सात गिअर, कोरडे क्लच, त्याची मर्यादाच २५० न्यूटन मीटर आणि इंजिन कारखान्यातूनच २५० देतं. रिमॅपमध्ये तीनशे करून देणारे पुष्कळ आहेत, क्लच बदलायच्या वेळी त्यातलं कोणी फोन उचलत नाही. वॉरंटी चार वर्षांची आहे, ती फुकट घालवायची का.

कलमाखालचो

गाडी घेतलंस ता बरा केलंस, पण कलमाखाली लावतलंस ह्या वाचून हसाक इला. मी देवगडचो, माझी गाडी पाच वर्षां कलमाखालीच उभी आसा, तेव्हा माझा आयक.

मोहोराच्या टायमाक तुडतुडो इलो की पानार मधासारख्या चिकट पडता, ता खाली गाडीर. दोन दिवसांत तेच्यार काळी बुरशी चढता, गाडी कोळशाच्या वखारीतसून काढल्यासारखी. वर बापूस गंधकाची नायतर औषधाची फवारणी करतलो, ती पण गाडीरच. मगे एप्रिलात आंबे काढतत तेव्हा चीक. पोरांच्या तोंडार चीक लागलो तर कातडी भाजता, रंगाचा काय होतला सांग. तुझी ती फिल्म आसली तरी चीक तासाभरात पाण्यान भिजवन पुसूक होयो, घासूक नाय. सुकलो की फिल्मवर पण डाग ऱ्हवता.

म्हणान पहिले पंधरा हजार पत्र्याची शेड बांधूक घाल. माडाखाली मात्र चुकान लावू नको. चीक पुसता येता, नारळ पुसता येणा नाय.

मिऱ्याबंदर

कलमाखालचो, शेडचं डोक्यातच आलं नव्हतं, बाबा वाचून भलतेच खूश झाले. तिसरागिअर, सिलिंडर बंद होण्याचं कोणीच बोललं नव्हतं, धन्यवाद. डाउनपाइप रद्द. पण खरं सांगू, मागच्या डब्याचा मोह सुटत नाहीये. इथे एक जण ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये हाताने बनवून देतो म्हणतो, वेल्डवर निळा जांभळा रंग, बघायला जबरदस्त. म्हणतो ३०४ आहे, लोहचुंबक चिकटत नाही बघ, गंज आयुष्यात नाही. घेऊ का?

आर्गॉनवाला

मी एरवी इथे फक्त वाचतो पण हे वाचून राहवलं नाही. माझं काम मिरकरवाड्याला, ट्रॉलरचं रेलिंग, टाक्या, इंजिनाचे धुराचे पाइप. समुद्रावर स्टील काय करतं ते रोज बघतो.

लोहचुंबकाची गोष्ट अर्धी खरी. ३०४ ला चिकटत नाही हे बरोबर, वाकवलेल्या जागी थोडंसं ओढतं तेवढंच. पण बाजारात २०२ म्हणून जे स्टील येतं त्यालाही चिकटत नाही. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं म्हणून स्वस्त. दुकानातून येताना दोन्ही सारखेच चकचकीत. धंद्यात ३०४ सांगून २०२ देणं हे नवीन नाही, मलाच एकदा पुरवठादाराने दिलं होतं, बंदरावर लावलेल्या रेलिंगला एका पावसाळ्यात चहा सांडल्यासारखे डाग पडले आणि तांडेलाने माझी जी काढली ती इथे लिहिण्यासारखी नाही. तेव्हापासून मी ड्रॉप टेस्टची बाटली ठेवतो, पत्र्यावर थेंब टाकून बॅटरी लावायची, रंगावरून २०२ की ३०४ कळतं. तुझ्या माणसाला म्हण माझ्यासमोर थेंब टाक. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

खरं ३०४ असलं तरी समुद्रापासून पाच मिनिटांवर डाग पडणारच, त्यात अठरा टक्के क्रोम आणि आठ टक्के निकेल असतं पण मिठातल्या क्लोराइडला ते पुरत नाही. त्यासाठी ३१६, त्यात दोन तीन टक्के मॉलिब्डेनम. महाग आहे, पण मागचा डबा एकच करायचाय तर फरक काही हजारांचाच पडेल.

आता तो निळा जांभळा रंग. पोरं त्याच्यावरच भाळतात. टायटॅनियमवर तो रंग असला तर बिघडत नाही. स्टेनलेसवर तो रंग म्हणजे वेल्डच्या उष्णतेने वरचं क्रोम जळालं याची खूण, खालचा थर कमजोर झालेला, आणि गंज पहिला तिथूनच सुरू होतो. आम्ही वेल्ड झालं की पिकलिंग पेस्ट लावून तो रंग मुद्दाम काढतो, मग स्टील पांढरटसर दिसतं, दिसायला फिकं पण टिकतं. आतल्या बाजूनेही आर्गॉन वायू सोडून वेल्ड करतो का ते विचार, नाहीतर बाहेर सोनं आणि आत खडबडीत काळं.

एक अजून. तुझं रोजचं रनिंग चार किलोमीटर. तेवढ्यात डबा नीट तापतही नाही, धुरातलं पाणी आत साचून राहतं आणि डबा आतून सडतो. तुझे दोन सायलेन्सर गेले ते बहुतेक खाऱ्या वाऱ्याने कमी आणि या पाण्याने जास्त. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालव, पावस गावाला जाऊन ये. आणि पाइप जोडायच्या फ्लँजचे बोल्ट, डबा टांगायचे हँगर हे साध्या लोखंडाचे लावून देतात, पाइप ३१६ आणि बोल्ट लोखंडी असला तर दोन वर्षांनी खोलायला ग्राइंडर लागतो. ते पण स्टेनलेसच सांग.

भोस्तेघाट

आर्गॉनवाल्यांचं वाचून मीच उद्या माझ्या गाडीखाली वाकून बघणारे.

खालच्या बाजूचं राहिलंच होतं. ते काळं रबराचं अंडरबॉडी कोटिंग नको, एकदा कुठे फुगलं की मागे मीठपाणी धरून ठेवतं आणि पत्रा गुपचूप खातं, वरून सगळं छान दिसतं. पातळ वॅक्स किंवा लॅनोलिनवालं, म्हणजे लोकरीच्या मेणाचं, फवारून घे, दर पावसाळ्याआधी परत. आणि पाहुणे आले म्हणून गाडी वाळूत उतरवू नको. उतरवलीच तर त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धू.

तिसरागिअर

कायद्याचंही सांगून ठेवतो, नंतर कोणी म्हणायला नको. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हींचा रोख हाच की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आवाज प्रदूषणाचं कलम लागलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत. बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवतानाचे व्हिडिओ बघितलेच असशील. इन्शुरन्सला न कळवता केलं तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर वाकून बघतो. मूळ डबा विकू नको, पोटमाळ्यावर ठेव.

मिऱ्याबंदर

ठरलं मग. कोल्हापूरला पुढचा भाग आणि खालचे पट्टे टीपीयूमध्ये, प्लॉटर कटिंग, शोरूमला न धुण्याचं पत्र आजच मेल केलं, त्यांचा माणूस फोनवर तीनदा म्हणाला साहेब टेफ्लॉन फुकट आहे, तरी नको म्हटलं. अंडरबॉडीला वॅक्स, सिरॅमिक दिवाळीनंतर. शेडचं काम बाबांनी परस्पर सुरू केलंय, चिरे येऊन पडलेत अंगणात, मी पत्र्याची म्हटलं होतं पण त्यांना भिंतीसकट हवीय आणि उरलेल्या चिऱ्यांतून कुंपणाचा एक कोपरा काढणार आहेत.

डबा सध्या कंपनीचाच. एक वर्ष चालवून बघतो, तरीही खाज राहिली तर आर्गॉनवाले, तुमच्याकडे येतो थेंबाच्या बाटलीसमोर.

आर्गॉनवाला

ये. पण ऑगस्टच्या आधी, जूनजुलैत बोटी वर असतात तेव्हाच मला वेळ असतो.