काचेची पडवी गळतेय, पण पाणी नेमकं कुठून येतंय? (मदत हवी आहे)

वळचण

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचत असतो, आज गरज पडली म्हणून लिहायला बसलोय. मतलबी म्हणा हवं तर.

आम्ही इंग्लंडात स्विंडनला राहतो. घर साधारण १९८० सालचं, विटांचं. मागच्या अंगाला आधीच्या मालकांनी २००४ मध्ये कॉन्झर्वेटरी बांधून घेतली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी घराच्या भिंतीला टेकवलेली काचेची पडवी डोळ्यांसमोर आणावी. खाली मांडीएवढी विटांची भिंत, त्यावर यूपीव्हीसीच्या चौकटी आणि दुहेरी काचा, वर एकाच बाजूला उतरतं पॉलिकार्बोनेटच्या (आतून पोकळ नळ्या असलेल्या प्लास्टिकच्या) पत्र्यांचं छप्पर. रुंदी चार मीटर, खोली तीन मीटर. शेजारी त्यांच्या पडवीत वेताच्या खुर्च्या टाकून चहा पितात. आमच्या पडवीत कपडे वाळतात, तांदळाची गोणी असते, चपला असतात आणि ऑक्टोबर ते एप्रिल तुळस व कढीपत्ता मुक्कामाला असतात.

तर गेल्या हिवाळ्यापासून ती गळतेय. छप्पर जिथे घराच्या भिंतीला मिळतं तिथून थेंब येतात आणि नेमके तुळशीच्या कुंडीत पडतात. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "आयताच अभिषेक होतोय की." पण मागच्या महिन्यात भिंतीचं प्लास्टर फुगलं, तेव्हा तिचाही सूर बदलला.

आतापर्यंत तिघांना दाखवून झालं. पहिला आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणाला, "सगळं छप्परच काढा, वर कौलांचं पक्कं छप्पर घाला," आणि नऊ हजार पाउंडांचा आकडा सांगितला. दुसऱ्याने दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरलं आणि १२० पाउंड घेऊन गेला. तीन आठवडे कोरडे गेले, मग पुन्हा तेच. (त्या तीन आठवड्यांत पाऊसच नव्हता हे नंतर लक्षात आलं.) तिसऱ्याने वर बघून सांगितलं की ही गळती नाहीच, आतली वाफ आहे, खिडक्या उघड्या ठेवत जा.

तिघांची तीन निदानं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला विटेतलं काही कळत नाही. कुणी अशा पडवीत राहिलंय का? सुरुवात कुठून करू?

पावटा

तुळशीला रोज पाणी घालायचे कष्ट वाचले ना तुमचे? कशाला दुरुस्त करताय!

ओळंबा

पावटा, त्यांचं प्लास्टर फुगलंय हो.

वळचण, मी लीड्सला आहे, वीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढलीत. फोटो नंतर टाका. आधी तीन गोष्टी सांगा. थेंब पाऊस सुरू झाल्या झाल्या येतात की उशिराने? कुठल्याही पावसात येतात की ठरावीक वाऱ्यातच? आणि पाऊस अजिबात नसताना, कडक थंडीच्या सकाळी, छताला खालून थेंब दिसतात का?

वळचण

प्रश्न वाचून आठवडाभर वहीत नोंदी ठेवल्या. बायको म्हणते मी एवढा अभ्यास दहावीलाही केला नसेल.

सरळ पडणाऱ्या पावसात काही होत नाही. नैर्ऋत्येकडून वारा असला की होतं, आमची मागची भिंत त्याच दिशेला तोंड करून आहे. पण लगेच नाही, पाऊस लागल्यावर दोन-अडीच तासांनी. आणि गंमत म्हणजे पाऊस थांबल्यावरही थेंब रात्रभर चालू असतात. पाण्याला किंचित तांबूस रंग आहे.

कोरड्या थंडीतल्या सकाळीही थेंब दिसले, पण ते सगळ्या छतभर होते, काचांवरसुद्धा. आदल्या रात्री कपडे वाळत घातले होते.

शिवाय एक नवीन शोध लागला. डावीकडून दुसरा पत्रा (२५ मिमीचा आहे, मोजला) खाली सरकलाय, पन्हळीच्या बाजूला बोटभर पुढे आलाय. त्याच्या आतल्या नळ्यांमध्ये हिरवं शेवाळ धरलंय.

ओळंबा

झालं तर. तुमचे तिघेही थोडे थोडे बरोबर होते आणि म्हणूनच तिघेही चुकले. तुमच्याकडे तीन वेगवेगळी दुखणी आहेत, फक्त रोगी एकच आहे.

थंडीच्या सकाळची ती वाफच. एका धुण्याच्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी हवेत जातं, ते रात्री गार छताला लागून थेंब होतं. कपडे असतील तेव्हा खिडकीची वरची झडप उघडी ठेवा किंवा ओल शोषणारं यंत्र लावा. तो विषय इथेच संपला.

भिंतीजवळच्या गळतीवर मात्र नीट लक्ष द्या. फ्लॅशिंग, म्हणजे छप्पर आणि भिंत यांच्या सांध्यावरची शिशाची पट्टी, गळत असती तर पाणी पाच-दहा मिनिटांत आत आलं असतं आणि पावसाबरोबर थांबलं असतं. तुमचं पाणी अडीच तास वाट बघतं. म्हणजे ते वाटेत कुठेतरी मुरतंय. ते तुमच्या भिंतीच्या पोटातून येतंय.

तुमच्या घराची भिंत पोकळ असणार. म्हणजे बाहेर विटेची भिंत, आत ब्लॉकची, आणि मध्ये साधारण ५० मिमी फट. वाऱ्याबरोबर झड लागली की बाहेरची वीट पाणी पिते. तिने प्यावं हीच अपेक्षा असते. ते पाणी विटेच्या आतल्या अंगाने खाली उतरतं आणि पायाशी निघून जातं, आतली भिंत कोरडी राहते. १९८० मध्ये हे सगळं ठीक चाललं होतं. २००४ मध्ये कुणीतरी त्याच भिंतीला मध्येच छप्पर टेकवलं. म्हणजे कालपर्यंत जी बाहेरची भिंत होती तिचा खालचा भाग घराच्या आत आला. पाण्याला कुणी काही सांगितलं नाही, ते जुन्याच वाटेने उतरतंय आणि फ्लॅशिंगच्या मागून तुमच्या पडवीत निघतंय. फ्लॅशिंग फक्त विटेच्या तोंडावरून ओघळणारं पाणी अडवतं, पोटातलं नाही.

यासाठी फ्लॅशिंगच्या लगेच वर भिंतीत कॅव्हिटी ट्रे बसवायचा असतो. फटीत तिरकी बसवलेली तसराळ्यासारखी पन्हळ म्हणा. उतरणारं पाणी तो झेलतो आणि विटांमधल्या छोट्या भोकांतून बाहेर, छपरावर सोडतो. तुमच्याकडे फ्लॅशिंगच्या वरच्या थरात अशी भोकं दिसतात का? दिसत नसतील तर ट्रे बसवलेलाच नाही असं धरून चाला.

पुणेरी_गच्ची

एवढी तोडफोड कशाला? आमच्या सोसायटीत पश्चिमेच्या भिंतीला वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारले, सहा वर्षं थेंब नाही. तुम्हीपण बाहेरून रंग मारा आणि मोकळे व्हा.

ओळंबा

गच्चीदादा, पुण्यात चालेल, स्विंडनला नको. जाड थराचा रंग दिला की विटेत आधीच मुरलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही. हिवाळ्यात ते गोठतं, फुगतं आणि विटेचं तोंडच खपलीसारखं उडवतं. लावायचंच असेल तर विटेला श्वास घेऊ देणारी, पाणी झटकणारी सिलॉक्सेनची मलई मिळते, ती दर्जा (विटांमधले सांधे) भरून झाल्यावर. तोसुद्धा तात्पुरता उपाय.

तिरफळ

वाचून आमचं मालवणचं घर आठवलं. मे महिन्याच्या शेवटी पश्चिमेच्या पडवीला माडाचे झाप बांधायचो, झड भिंतीला लागूच द्यायची नाही. आजोबा म्हणायचे, पाऊस वरून येतो तो देवाचा, आडवा येतो तो आपला. तुमच्याकडे माड नाहीत हीच अडचण.

रानजाई

मी सरकलेल्या पत्र्याबद्दल लिहिते, कारण त्यात मी हात पोळून घेतलेत.

पॉलिकार्बोनेट उन्हाने बरंच वाढतं. तीन मीटरचा पत्रा गोठलेली रात्र आणि उन्हाळ्यातली दुपार यांत सात-आठ मिमी लांब-आखूड होतो. (दुपारी छपरातून जे कटकट आवाज येतात ते हेच.) त्याला खाली अडवणारी टोपी वर्षानुवर्षं रेटा सोसून तुटते आणि पत्रा घसरतो. शेवाळ धरलंय कारण नळ्यांच्या तोंडावरच्या पट्ट्या गेल्यात. वरच्या टोकाला हवाबंद ॲल्युमिनियमची पट्टी लागते आणि खालच्या टोकाला बारीक छिद्रांची, म्हणजे आतली वाफ बाहेर पडते पण धूळ-किडे आत जात नाहीत. माझ्याकडे आधीच्या कारागिराने दोन्हीकडे साधी चिकटपट्टी लावली होती! दोन वर्षांत आत तळं.

वीस वर्षांचा पत्रा असेल तर धूत बसू नका, तेवढा एकच बदला. नवा बसवताना ऊन सोसणारा लेप असलेली बाजू आकाशाकडे, तिथे तसं छापलेलं असतं. उलटा बसला तर काही वर्षांत पिवळा पडून तडकतो. आणि ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन पॉलिकार्बोनेटला लावू नका, न्यूट्रल लिहिलेलं घ्या. त्या १२० पाउंडवाल्याने कुठलं वापरलं कोण जाणे.

धुताना कोमट पाणी, भांड्याचा साबण, मऊ ब्रश. प्रेशरवाला फवारा अजिबात नको, रबर उचकटतं. आणि कृपा करून वर चढू नका. ते छप्पर माणसाचं वजन घेत नाही.

वळचण

चढणार नाही, शप्पथ.

भोकं दिसत नाहीत. फोटो मोठा करून पाहिलं, एकही नाही. पण नऊ हजार म्हणणाऱ्याच्या धसक्याने विचारतो, ओळंबा, तुमचं म्हणणं खरं हे मी सिद्ध कसं करू? कारागिराला बोलवायच्या आधी मला खात्री हवी.

ओळंबा

बागेतला पाइप घ्या. कोरड्या दिवशी. खालून वर जायचं, हा एकच नियम. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. आधी चौकटी, मग पत्रे, मग फ्लॅशिंग, प्रत्येकी वीस मिनिटं, धार हलकी. आत कुणीतरी टॉर्च घेऊन. शेवटी फ्लॅशिंगच्या मीटरभर वरच्या विटा भिजवा आणि तिथे घाई करू नका.

जाता जाता, चौकटींच्या खालच्या अंगाला बाहेरून बारीक खाचा असतात, त्या काडीने मोकळ्या करा. त्या बुजल्या की काचेखाली पाणी साचतं आणि दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं.

आणि ते नऊ हजारांचं पक्कं छप्पर घातलं असतं तरी पाणी तिथूनच आलं असतं! वर इंग्लंडात पक्क्या छपरासाठी बिल्डिंग कंट्रोलची (बांधकामाचे नियम तपासणाऱ्यांची) मंजुरीही लागते. ३० चौरस मीटरच्या आतल्या काचेच्या पडवीला जी सूट मिळते ती छप्पर बदलल्यावर आपोआप चालू राहत नाही.

वळचण

शनिवारी केलं. मी बाहेर पाइप धरून, बायको आत खुर्चीवर, फोन स्पीकरवर. शेजारचे आजोबा कुंपणावरून बघत होते. पाऊस नाही म्हणून हा माणूस घराला पाणी घालतोय असं त्यांना वाटलं असावं.

चौकटी, काही नाही. पत्रे, सरकलेल्या पत्र्याच्या खालून दोन-चार थेंब, तेही पन्हळीपाशी. फ्लॅशिंगवर वीस मिनिटं, कोरडं ठणठणीत. मग विटा. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तीस झाली. हात भरून आला, बोटं गार पडली. मी म्हटलं आता ओळंबांची परीक्षा. बेचाळिसाव्या मिनिटाला आतून आवाज आला, "आला!" त्याच जागी, तुळशीच्या कुंडीच्या बरोबर वर. पाइप बंद केल्यावरही दोन तास टपकत होतं.

काल एक गवंडी येऊन गेला. मी काही सांगायच्या आत त्याने वरच्या थराकडे बघून विचारलं, "ट्रे कुठाय?" मला त्याला मिठी मारावीशी वाटली. दोन-तीन विटा काढायच्या, ट्रेचा तुकडा सरकवायचा, विटा परत बसवायच्या, मग पुढच्या, म्हणजे वरची भिंत कायम आधारावर राहते. चार मीटरला दोन दिवस, १,४०० पाउंड, दर्जा भरून. भिंतीच्या फटीत नंतर कुणी ऊब टिकवायला कापूस (इन्सुलेशन) भरलाय का तेही तो एक वीट काढून बघणार आहे, भरलेला असेल तर तेवढ्या पट्ट्यातला बाहेर काढावा लागेल म्हणाला.

ओळंबा

दर ठीक वाटतो. फ्लॅशिंग तेव्हाच नवं करून घ्या, भिंत उघडलेलीच आहे. शिसं कोड ४ चं (हा जाडीचा क्रमांक), एकेक तुकडा दीड मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर तापून-गार होऊन चिरतं. दर्जात किमान २५ मिमी आत गेलं पाहिजे. आणि विटा उघड्या असताना फोटो काढून ठेवा, घर विकताना कामी येतात.

पावटा

आणि तुळस?

वळचण

सध्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी. काम व्हायला तीन आठवडे आहेत. तोवर बायको रोज विचारतेय की कांदा कुठे चिरायचा.